घरात आणखी कुणाला?

माझ्या ताईचा घसा गेली वीस वर्षं बसलेला आहे. निदान तिच्या दुकानात तरी सगळे असंच समजतात. उकाडा असो की थंडी, बाईंच्या गळ्यात स्कार्फ, आणि तोही पार हनुवटीवर ओढलेला. आवाज मात्र खणखणीत! चष्म्याच्या दुकानात कामाला आहे ती. दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायचं, काड्या गरम करून कानामागे वाकवायच्या, नाकावर टेकणाऱ्या गाद्या बदलायच्या. सगळं काम गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. म्हणून गिऱ्हाईक बसलं रे बसलं की ही आधी म्हणते, "चष्मा काढून ठेवा." मालकाला वाटतं, काय शिस्तीची बाई आहे. मला विचारा ना! समोरच्याला हिचं तोंड धड दिसू नये म्हणून तो सगळा खटाटोप.

ताईला हनुवटीवर केस येतात. काळे, राठ, आता त्यात काही पांढरेही. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून ती ते उपटते. भावजींनाही माहीत नाही म्हणे. मला माहीत, कारण लहानपणी मी एकदा दार न वाजवता आत घुसले होते. तिने मला शपथ घातली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, पण या एका बाबतीत मी तीस वर्षं तोंड शिवून बसले.

ताईची मुलगी बारकी. वय सतरा, कॉलेजात पहिलं वर्ष. मागच्या वर्षी एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात काकड्या चिरत होते, तेवढ्यात ही पोरगी आली आणि आईसमोर हनुवटी वर करून उभी राहिली. "आई, हे बघ ना. मला हे काय झालंय? तुला यायचे का असे?"

ताई म्हणाली, "छे! आपल्यात कुणालाच नाही."

माझी सुरी थांबली. मी ताईकडे बघितलं, तर ती पुसलेला ओटा परत पुसत होती. खरं तर तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण शपथ आठवली की काय कोण जाणे, मी खाली मान घालून काकडी चिरत राहिले. त्याबद्दल माझ्या कानाखाली वाजवली असती कुणी तर चाललं असतं.

त्यानंतर बारकीचं घराबाहेर पडणं कमी कमी होत गेलं. आधी मैत्रिणींच्या घरी जाणं बंद, मग मास्क, मग कॉलेजच बंद. चार महिने! दिवसभर खोलीत, हातात फोन. आणि एक दिवस बाहेर येऊन तिने जाहीर केलं, "मला लेझर करायचंय."

झालं, घराची नुसती भंबेरी उडाली. लेझर म्हणजे नक्की काय, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि सल्ले मात्र ज्याला त्याला द्यायचे होते. शेजारीण म्हणाली, एकदा मारलं की जन्माची कटकट गेली. माझ्या ऑफिसातली टायपिस्ट म्हणाली, अगं माझ्या वहिनीचा गाल भाजला. भावजी म्हणाले, आधी रक्त तपासा. बारकीच्या फोनमध्ये तर एक बाई सांगायची वॅक्स करून जा, दुसरी सांगायची वॅक्सला हातही लावू नका. मी सगळं ऐकलं आणि शेवटी मला एवढंच कळलं की मला काहीच कळलेलं नाही.

शेवटी आम्ही तिघी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई तरुण होत्या, पण समजावून सांगायच्या अगदी शाळेतल्यासारखं. म्हणाल्या, लेझर केसाचा काळा रंग शोधतं आणि मुळाशी उष्णता पोचवतं. म्हणून पांढऱ्या केसावर ते चालत नाही. आणि उपटलं, दोरा फिरवला किंवा वॅक्स केलं की मूळच निघून जातं, मग लेझरने काय शोधायचं? तेव्हा निदान महिनाभर उपटणं बंद. फार वाटलं तर रेझर फिरवायचा, आणि लेझरच्या आदल्या दिवशी तो फिरवायचाच.

"म्हणजे दाढी?" ताई एकदम बोलून गेली आणि तिने स्कार्फ नाकापर्यंत ओढला.

"दाढीच म्हणा. त्याने केस दाट होत नाहीत, घाबरू नका." डॉक्टरीणबाई पुढे सांगतच होत्या. उन्हात फिरायचं नाही. कुठलं औषध चालू असेल तर सांगायचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला यंत्र जपून लावावं लागतं, नाहीतर डाग पडतात, म्हणून आधी जराशा जागेवर करून बघायचं. सहा-आठ वेळा यावं लागेल. केस पुष्कळ कमी होतील, पण कायमचे गेलेच असं वचन कुणी देत असेल तर त्याच्या दारात उभं राहू नका. आणि हार्मोन्सची गडबड असेल तर आधी तिचं बघायचं, नाहीतर इकडून घालवाल आणि तिकडून परत येतील. मी वहीत लिहून घेत होते. घरी जाऊन वाचलं तर माझंच अक्षर मला लागेना.

मग त्यांनी कागद पुढे ओढला. पाळी नियमित येते का? वजन वाढलंय का? आणि मग विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे? आईला, आजीला, मावशीला?"

मी ताईकडे बघितलं. बारकीही बघत होती.

"नाही," ताई म्हणाली. "कुणालाच नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. म्हणाल्या, मग जरा नीटच शोधू. रक्ताच्या तीन-चार तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. परत येताना रिक्षात हळूच मला विचारते, "मावशी, माझ्या पोटात गाठ असेल का गं?"

त्या संध्याकाळी मी ताईला फोनवर फाडफाड बोलले. "पोरगी मरणाला टेकल्यासारखी बसलीय आणि तू काय धरून बसलीस?" ताई म्हणाली, "मी पण आता उपटत नाहीये." मला कळेचना. म्हटलं, तूही लेझर करणार आहेस का? "माहीत नाही." मग बारकीला सांगणार आहेस? "माहीत नाही गं." मी फोन आपटला. काय करावं या बाईचं?

तीन आठवड्यांनी रिपोर्ट घेऊन परत गेलो. डॉक्टरीणबाईंनी एकेक पान बघितलं. "सगळं छान आहे. काहीही बिघाड नाही. पुष्कळदा हे नुसतं घराण्यातून आलेलं असतं, पण तुमच्याकडे तर कुणालाच नाही म्हणालात."

"म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे," बारकी म्हणाली. "सापडत नाहीये, एवढंच."

मी तोंड उघडणार, एवढ्यात ताईने स्कार्फ सोडला. गाठ बसली होती, सुटायला वेळ लागला. तीन आठवड्यांची हनुवटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. मीही इतकं कधी बघितलं नव्हतं. "लिहा," ती म्हणाली. "आईला आहे."

मला वाटलं, आता पोरगी आईच्या गळ्यात पडणार. कसलं काय! बारकी उठली आणि ताडकन बाहेर गेली. आम्ही मागे धावलो. बाहेर खुर्च्यांच्या रांगेत ती अगदी टोकाला बसली होती. ताई दोन खुर्च्या सोडून बसली, मी उभीच राहिले.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणाले.

"कधीपासून येतात?" हे आईला होतं, पण मान न वळवता.

"सोळाव्या वर्षापासून."

"आणि तू मला सांगितलंस, कुणालाच नाही."

"मलाही तसंच सांगितलं होतं तुझ्या आजीने," ताई म्हणाली. "चिमटा हातात दिला आणि म्हणाली, आपल्यात कुणालाच नाही."

मी चक्रावले. हे मला नवीन होतं. आमच्या आईकडे चिमटा कशाला होता? आता विचारायचं कुणाला? आई जाऊन नऊ वर्षं झाली.

ताई रडायला लागली होती. भर माणसांत, उघड्या तोंडाने. समोरचा एक माणूस टक लावून बघत होता आणि हिला त्याचं भानही नव्हतं. "मला वाटलं, तुला धीर येईल गं," ती म्हणाली. "आपल्यात हे नसतंच म्हटलं, तर तुझंही जाईल, असं काहीतरी वाटलं. मला नीट सांगताही येत नाही."

बारकी उठली, मधल्या दोन्ही खुर्च्या ओलांडून आईला लागून बसली.

"नाही आला गं धीर," ती म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच आहे."