वाणात दिलेली सही

आमच्या भवानी पेठेत विजयमालाकाकूंची कडक भाकरी कुणाला ठाऊक नाही? पण ती वाळताना वाकायची आणि पाकिटात तिचे तुकडे व्हायचे. काकूंनी डोकं लढवून भाकरी दाबून धरणारी, आपोआप फिरणारी जाळी शोधून काढली. मोटार आणि आराखडा जावयाचा, अभिमन्यूचा. म्हणून पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून दोघांचीही नावं लागली.

अर्ज गेला आणि पाठोपाठ अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण, तांब्याच्या ताटात वाण. अभिमन्यू म्हणाला, "मामी, दर वेळी सहीला कुटं पळता? अर्जाचं सगळं माझ्यावर सोपवा की." काकूंनी त्यानं आणलेल्या मुखत्यारपत्रावर सही केली, ते अनारशांशेजारी ताटात ठेवलं आणि त्याला ओवाळलं! वाचलं मात्र नाही. वाणाचा कागद कोण वाचत बसतं? मी शेजारीण, तिथंच पंगतीत होते. संताप आला, पण जावयापुढं बोलायची सोय असते का?

यंदा कळलं, त्या कागदात हक्क विकायचीही मुभा होती. अभिमन्यूनं एका कारखान्याशी बोलणी लावली होती. सौदा झाला की काकूंना स्वतःचीच जाळी वापरायची बंदी. त्यांच्या हाताखालच्या बायकांनी मग जायचं कुठं? काकूंनी वकील गाठला.

"एका पत्रानं मुखत्यारपत्र रद्द होतंय," पंचाक्षरी वकील म्हणाले. त्यांनी पत्र करूनही दिलं, सही तेवढी राहिली. पण दिलेलं वाण परत कसं घ्यायचं? आणि त्या घरात तर पोटची लेक नांदत होती.

लेक, सृष्टी, तेव्हा बाळंतपणाला इथंच आलेली. काकूंनी तिला सगळं सांगितलं. बाळाला थोपटत ती म्हणाली, "कर की सही. मग मला न्यायला कोण येत न्हाय बघ."

तिला न्यायला अभिमन्यू आला. चहा पिता पिता म्हणाला, "मामी, कारखानेवाल्यांना व्हय म्हणू न्हवं?" सृष्टी बाळाला छातीशी धरून दारात उभी होती, मान वर करीना.

"म्हणा, जावईबापू," काकू म्हणाल्या, आणि वर त्याला आग्रह करकरून जेवू घातलं.

गाडी गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मी तोंड सोडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "वकील म्हणतोय, कवाबी माघार घेता येती. कशी घेऊ गं? पोरगी दिलीया."