नाना जागा करून देतो

अर्जदार : प्रल्हाद ऊर्फ अण्णा, राहणार कळसाडी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. धंदा अर्जलेखन. बैठक शहाद्यास, तहसील कचेरीसमोरील निंबाखाली. (आडनाव कुटुंबाच्या इच्छेवरून दिलेले नाही.)
विरुद्ध पक्ष : निश्चित सांगता येत नाही.
साक्षीदार : एक, बापू, माझा चुलतभाऊ. दोन, सौ. — क्षमा असावी, सवयीने लिहिले गेले — श्रीमती सुनंदा, माझ्या धाकट्या भावाची पत्नी.
घटनेचा काळ : गेल्या दिवाळीनंतर ते आजतागायत.

महोदय,

प्रथम हे नमूद करतो की, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा इसम नाही. मॅट्रिकचा निकाल माझ्या बाजूने लागला नसला, तरी तालुक्यातील शिकल्यासवरल्या लोकांचे कागद माझ्याच हातून जातात. आपल्या मासिकातील वाचकांच्या अनाकलनीय अनुभवांचे हे पान माझा धाकटा भाऊ नाना आवडीने वाचत असे व मलाही मोठ्याने वाचून दाखवत असे. मी त्यास रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणत असे. आज त्याच पानासाठी लिहिण्याची वेळ माझ्यावर आली आहे...

हकीकत येणेप्रमाणे. नाना साखर कारखान्यात नोकरीस होता. कुटुंबातील मोबाइल, कॉम्प्युटर ही खाती त्याच्याकडे. त्याने आपल्या नावाने क्लाउडवर एक खाते उघडले आणि त्यात ‘भाऊबंद’ नावाचे फोल्डर केले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तिच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही. फोल्डरची रचना अशी की, त्यात वस्तू टाकण्याचा अधिकार सर्वांना. पुसण्याचा अधिकार मात्र केवळ मालकास. कचऱ्याची पेटीसुद्धा मालकालाच उघडते. पोरांकडून चुकून काही पुसले जाऊ नये, असा त्याचा हेतू.

आता भाऊबंदकीच्या हाती फुकटची जागा आल्यावर काय होते, हे सांगणे नको. लग्नांचे व्हिडिओ, बैलांचे फोटो, सातबारे, केळीच्या घडांचे फोटो, रोज सकाळचे सुविचार. मी स्वतः माझ्या जुन्या अर्जांच्या नकला तेथे ठेवल्या, कारण कागद कधी लागेल याचा नेम नसतो. जागा भरली की लाल पट्टी येई. कोणी तरी ओरडे, “नाना, भरी गयं रे!” मग नाना बसून काहीबाही काढून टाकी आणि जागा करी. काय काढतो, हे आम्ही कधी विचारले नाही.

दिवाळीनंतर नाना गेला. कामावरून येऊन खाटेवर बसला, पाणी मागितले, आणि संपले.

त्यानंतर काही आठवड्यांत लाल पट्टी आली. जागा संपली. मालक नाही, पुसणार कोण? जादा जागा विकत घेण्याची आमची तयारी होती. परंतु त्यासाठीचा ओटीपी नानाच्या नंबरवर जातो. तो नंबर बंद होऊन आता कुणा परक्या गृहस्थाकडे गेला आहे. मी त्यांना फोन करून अत्यंत सभ्य भाषेत विनंती केली. ते म्हणाले, “कौन नाना?” आणि फोन ठेवला.

अशात बापूच्या मुलीचे प्रवेशाचे कागद त्या फोल्डरमधून कॉलेजला पाठवायचे होते. बापूने टाकून पाहिले, लाल पट्टी. दुपारी पुन्हा पाहिले, तर कागद आत गेलेले! बापू आनंदाने माझ्या निंबाखाली आला.

“अण्णा, नाना गया, पन सोय करी गया!”

मी म्हणालो, कंपनीने दया केली असेल.

चार-सहा दिवसांनी सुनंदा दारात उभी राहिली. मी तिचा जेठ. डोक्यावरचा पदर सावरून घरात जाणे एवढाच तिचा-माझा इतक्या वर्षांचा व्यवहार. ती प्रथमच माझ्याशी थेट बोलली.

“अण्णा, त्यास्ना मोटारसायकलवरला व्हिडिओ कोनी काढी टाका?”

मी कॉम्प्युटर उघडला. नानाचा तो व्हिडिओ नव्हता. फोल्डरमध्ये ‘हालचाल’ नावाचे पान असते, ते पाहिले. तेथे स्वच्छ लिहिले होते : मालकाने एक व्हिडिओ हटवला. दिवस तोच... ज्या दिवशी बापूचे कागद आत गेले.

नानाचा फोन सुनंदाच्या कपाटात, साड्यांखाली. काच फुटलेली, बॅटरी फुगलेली. तो सुरू होत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

तरीही मी पुराव्याशिवाय बोलणारा नव्हे. एका रविवारी दुपारी माझ्या घरी वर नमूद दोन्ही साक्षीदारांना बोलावले. बापूने आपल्या बैलाचा एक फोटो टाकला. लाल पट्टी आली. आम्ही तिघे पडद्याकडे पाहत बसलो. चहा झाला. बापू म्हणाला, “काही व्हत नई, अण्णा. तू उगा कोर्ट भरावस.” आणि त्याच क्षणी पट्टी गेली. बैल आत आला. खाली नानाचा एक व्हिडिओ — शेतात पाइप जोडताना अंगावर पाणी उडून तो हसतो, तो — नाहीसा झाला. बापूची बशी हातातच राहिली.

सुनंदा मात्र दचकली नाही. हळूच म्हणाली, “हाई त्याच शेतस. पंगतमां बी आसंच करेत.” म्हणजे, हे तेच आहेत; पंगतीतही असेच करत.

वाचकांसाठी खुलासा. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिचा रोट, म्हणजे नैवेद्य, फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेर द्यायचा नाही. त्यामुळे सुरत, नाशिक, कुठकुठून सगळे येतात आणि पंगतीस जागा पुरत नाही. उशिरा आलेला भाऊ दारात दिसला की, अर्धपोटी नाना पहिला उठे. “मन्हं व्हयनं, तुम्ही बठा!” म्हणजे माझे झाले, तुम्ही बसा. एसटीतही तेच. शहाद्याहून बसून निघालेला नाना नंदुरबारला नेहमी उभा उतरे. आम्ही त्याला हसत असू.

तो आताही उठतो आहे. दुसऱ्याचे काहीही काढत नाही. माझ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या नकला आहेत, सुविचार आहेत, त्यांना हात नाही. जातात ते फक्त नानाचे स्वतःचे व्हिडिओ. सुनंदाकडे त्याचा आवाज याशिवाय दुसरा कुठेही नाही.

आपण म्हणाल, दुसरीकडे उतरवून घ्या. घेतले. शहाद्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडून पेनड्राइव्हवर उतरवले, चालवून पाहिले, चालले. नंतर फोल्डरातून त्यांतला एक गेला, त्या दिवशी पेनड्राइव्हवरचाही रिकामा झाला. नाव आहे, आत काही नाही. दुकानदार म्हणाला, “काका, यामां काहीच नई शे. तुम्हीच पुसेल व्हई.” मी त्याचे पैसे देऊन पेनड्राइव्ह परत आणला.

भाऊबंदांना ग्रुपवर लेखी सूचना दिली की, कोणीही काहीही टाकू नये. सर्वांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले आणि टाकणे चालू ठेवले.

तेव्हा मी माझ्या परीने अखेरचा उपाय केला. खातेमालक या नात्याने नानास उद्देशून रीतसर अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मुद्देनिहाय मागणी : सदर इसमाने स्वतःचे व्हिडिओ हटवणे तात्काळ थांबवावे. सोबत पुराव्यांचे फोटो. धंद्याच्या शिरस्त्याप्रमाणे मूळ प्रत, दुय्यम प्रत व आपल्याजवळ ठेवायची स्थळप्रत अशा तीन प्रती स्कॅन केल्या. आणि अर्ज संबंधिताच्या दफ्तरीच दाखल व्हावा लागतो, म्हणून तिन्ही प्रती त्या फोल्डरमध्ये टाकल्या.

लाल पट्टी क्षणभरही टिकली नाही. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या तत्परतेने दाखल झालेला अर्ज हा एकच. तीन प्रती आत आल्या. नानाचे तीन व्हिडिओ गेले.

सुनंदा मागे उभी होती. एवढेच म्हणाली, “एकच कागद पुरता ना, अण्णा...”

आता एक व्हिडिओ उरला आहे. गेल्या कानबाईचा. पंगत बसली आहे, कोणी तरी दारात आले आहे, आणि नाना पानावरून उठतो आहे. सुनंदा तो दररोज एकदा पाहते. जास्त वेळा पाहिला तर झिजेल, अशी तिला भीती. मी तिला तसे काही नसते म्हणून सांगितले. परंतु काय असते आणि काय नसते, हे सांगण्याचा माझा अधिकार आता राहिला आहे असे वाटत नाही.

कानबाई पुन्हा तोंडावर आली आहे. सगळे येतील, फोटो काढतील. बापूला मी पाया पडून सांगितले. तो म्हणाला, “मी टाकत नई, अण्णा. फोन सोताच टाकी देस. फोनले कोन सांगी?” खरे आहे. घराघरातले फोन आपोआप टाकतात. फोनला नोटीस बजावता येत नाही. मेलेल्या माणसाला बजावता येते, असे मला वाटले होते. त्याचा परिणाम वर नमूद केला आहे.

सबब, हा अर्ज फोल्डरमध्ये न टाकता आपल्या पानाकडे पाठवत आहे. येथे तो कोणाची जागा घेणार नाही. प्रत एकच आहे. स्थळप्रत ठेवलेली नाही.

या प्रकाराचा उलगडा मला झालेला नाही. कोणा जाणकार वाचकास उपाय ठाऊक असल्यास त्यांनी वरील पत्त्यावर कृपया कळवावे. आणि हे पान नाना वाचत असे, सबब त्यासही या अर्जाद्वारे विनंती करण्यात येते की :

नाना, दारात कोणीही आले तरी या वेळी उठू नकोस. आम्ही उभे राहू. तू बठ.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र अर्जदार,
प्रल्हाद, नानाचा मोठा भाऊ