बरडीचा माळ आणि गुरुलिंगची बढती

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या पंधरा ऑगस्टला आमच्या जळकोटात माणिकप्पांनी दुकानासमोर पेढे वाटले. दुकान किराणा-भुसाराचं, जिल्ह्याच्या गावी त्यांचं काम वर्षाकाठी एखादं. पण उस्मानाबादला एका सहीसाठी मुक्कामाची तयारी करून जावं लागायचं, ते आता टळणार होतं. पेढ्यांना दुसरंही कारण होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या जागा. आणि थोरला लेक गुरुलिंग उदगीरहून बी.एस्सी. होऊन घरी बसला होता.

गुरुलिंगला डॉक्टर करायचं ठरलं होतं. मार्क हुकले, म्हणून प्राणिशास्त्र. घरात त्या विषयाचं नाव कुणी घेत नसे. पण कॉलेजातले एक प्राध्यापक रविवारी पोरांना सायकलींवर माळावर न्यायचे, एकच दुर्बीण सगळ्यांच्या हातांतून फिरायची. त्या दुर्बिणीतून गुरुलिंगनं पहिल्यांदा लांडगा धड पाहिला. कुत्र्यासारखाच, पण कुत्र्याची लाचारी अंगात नसलेला. वाळलेल्या गवतातून तो असा चालला होता, की जणू माळ त्याच्या बापाचा आहे. त्या दिवसानंतर गुरुलिंगनं दुसऱ्या नोकरीचा विचार केला नाही.

जंगलखात्यात वनरक्षक म्हणून त्याची निवड झाली तेव्हा माणिकप्पा म्हणाले, "आपल्याकडं जंगल हाय कुठं? झाड न्हाई, झुडूप न्हाई. तू राखणार काय?"

"माळ राखणार, अप्पा."

माणिकप्पांनी ते पुढं महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला हसत सांगितलं.

त्याला मिळालेला माळ जळकोट आणि मुखेडच्या शिवेवर होता. बरडीचा माळ म्हणायचे त्याला. मुरमाड जमीन, पावसाळ्यात गुडघ्याइतकं कुसळीचं गवत, उन्हाळ्यात नुसता भगवा धुरळा. त्यात काळविटांचे कळप, ससे, तितर, आणि मधून जाणाऱ्या ओढ्याच्या दरडीत लांडग्यांचं बीळ. एरवी तिथं फिरकायची ती फक्त मेंढरं.

मेंढरं व्यंकटीची. व्यंकटी मुखेडकडचा धनगर, वयानं गुरुलिंगच्याच बरोबरीचा, डोक्यानं तापट. दोघांची पहिली भेट भांडणातच झाली. लांडग्यांनी दोन कोकरं नेली म्हणून व्यंकटीनं मेलेल्या मेंढीत पिकावर मारायचं औषध भरून ती ओढ्याकाठी टाकली होती. गुरुलिंगनं ती ओढून नेऊन जाळली. लांडगा मारला तर तुरुंगात जाशील, असं त्यानं सांगितल्यावर व्यंकटीनं विचारलं, लांडग्याला कोणत्या तुरुंगात टाकतोस?  गुरुलिंगनं कायद्याची गोष्ट सोडली आणि तिथंच बसून त्याचं ऐकून घेतलं. पुढच्या बाजारी मुखेडहून दोन दांडगी कुत्री आणून त्याच्या मेंढवाड्यावर बांधली. रात्री मेंढरांभोवती जाळ्याची वाघर नीट लावायला, कोकरं मधोमध ठेवायला दोघं मिळून शिकले. नुकसान थांबलं नाही, पण कमी झालं. व्यंकटी लांडग्यांना शेवटपर्यंत शिव्याच देत राहिला. पण औषध त्यानं पुन्हा आणलं नाही. "गुरुअप्पाला शब्द दिलाय," एवढंच तो इतर धनगरांना सांगायचा, आणि तेही मग गप बसायचे.

ती तीन-चार वर्षं गुरुलिंगच्या आयुष्यातली चांगली वर्षं. लग्न झालं, शिवकांता घरात आली. थंडीत बिळातून पिल्लं बाहेर यायची, तेव्हा तो दरडीच्या समोर पालथा पडून दिवस दिवस बघायचा आणि घरी येऊन तिला नकला करून दाखवायचा. तेव्हाच्या साहेबांना त्यानं सांगितलं होतं, की हा माळ आहे तसा राखीव झाला पाहिजे. साहेब म्हणाले होते, मांड तसा प्रस्ताव, खात्यात नाव काढशील. प्रस्ताव गेला. साहेबांची बदली झाली. मग पाऊसच गेला.

एक वर्ष कमी पडला, दुसऱ्या वर्षी जवळपास नाहीच. ज्वारी वितीवर वाळली. आमच्या विहिरींत दोर पुरेना झाले आणि मग दोर पुरूनही उपयोग राहिला नाही. माणसं कचेरीपुढं काम मागायला बसू लागली. जिल्हा नवा, त्यालाही काही करून दाखवायचं होतं. कामासाठी जमीन पाहिजे होती, आणि दप्तरात बरडीच्या माळापुढं एकच शब्द होता: पडीत.

रोजगार हमीवर माळभर चर आणि खड्डे खणायचे, पावसाळ्यात निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावायचं, भोवती खोल चर मारून चराई बंद करायची, असा हुकूम आला. गुरुलिंग एसटीनं लातूरला गेला. नवे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकलं. गवताचा माळ म्हणजे पडीत नव्हे, तिथं झाडं नसतात म्हणूनच काळवीट असतो, मेंढरं आहेत म्हणून लांडगा असतो, हे त्यानं जमेल तसं सांगितलं.

साहेब म्हणाले, "तू म्हणतोस ते मला पटतं. पण उद्या हजारभर माणसं तिथं कामावर येणार आहेत. लांडग्यासाठी काम बंद ठेवलंय, हे त्यांना सांगायला कोण जाईल? तू जातोस?"

गुरुलिंगला आपल्या गल्लीतली शांतम्मा आठवली. नवरा नाही, दोन नातवंडं पदरात; रोज संध्याकाळी ती दारात येऊन विचारायची, काम कधी लागणार रे बाबा.  ओढ्याची ती दरड तेवढी सोडा, इतकंच त्यानं मागितलं. साहेबांनी मान हलवली. "तेवढं तू बघ."

काम लागलं. माळावर जत्रा भरल्यासारखी माणसं. वीरभद्र नावाचा मुकादम होता, आमच्याच गावचा, कामाला वाघ. गुरुलिंगनं त्याला हाताला धरून दरड दाखवली, भोवती चुन्याच्या फक्कीची रेघ मारून दिली आणि सांगितलं, इथं कुदळ लावायची नाही. वीरभद्रनं "हाव" म्हणत मान डोलावली. थंडी सरत आलेली, बिळात पिल्लं होती. मादी एवढ्या गोंगाटातही जागा सोडत नव्हती.

एक दिवस गुरुलिंगला बैठकीसाठी लातूरला बोलावणं आलं. परतला तेव्हा दिवस कलला होता आणि काम सुटायच्या बेतात होतं. फक्कीची रेघ पायांनी पुसली गेली होती. बिळाच्या तोंडात धोंडे आणि बोराटीच्या फांद्या ठासल्या होत्या.

दुपारी एका बाईनं तान्हं पोर ओढ्याकाठच्या बाभळीला झोळीत टाकलं होतं. मादी बिळातून निघून झोळीजवळून गेली. तिनं पोराकडं पाहिलंही नसेल, पण बाईनं हंबरडा फोडला, माणसं धावली. वीरभद्रनंच धोंडे टाकायला सांगितले होते. तो ते लपवत नव्हता. "लेकराला काही झालं असतं, तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?" तो म्हणाला.

गुरुलिंगनं पहार घेतली. धोंडे निघाले तसा तो हातांनी माती उकरू लागला. मजूर घरी जायचे थांबून गोल करून उभे राहिले. कुणी पुढं आलं नाही, कुणी हसलंही नाही. खूप आत त्याच्या हाताला पिल्लं लागली, एकाला एक चिकटलेली. त्यानं एकेक बाहेर काढून मातीवर ठेवलं. त्यांच्या नाकातोंडात माती गेली होती.

घोळक्यातून शांतम्मा पुढं आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"एवढं हिरीत उकरला असतास बाबा, तर पानी लागलं असतं."

तो मान वर करू शकला नाही. पुढं कितीतरी वर्षांनी त्यानं शिवकांताला सांगितलं, की त्या वेळी आपल्याला शांतम्माचा राग आला नाही, पिल्लांचं दुःखही पुरतं झालं नाही; फक्त वाटलं, की आपण दोन्हीकडून कुणाचेच नाही.

पावसाळ्यात रोपं लागली आणि चराईबंदी आली. पाऊस पडला तो जेमतेम. सगळीकडं उघडी जमीन, आणि गवताची जी काही हिरवळ फुटली ती फक्त चराच्या आत. व्यंकटीची मेंढरं आत शिरणार हे ठरलेलंच होतं. गुरुलिंगनं दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या वेळी साहेब बरोबर होते.

मेंढरं कोंडवाड्याकडं वळवताना व्यंकटी आडवा झाला. "लांडग्याच्या पायी मी तुझं ऐकलं. आता मेंढरापायी तू माझं ऐक."

"हुकूम हाय, व्यंकटी."

 व्यंकटीनं काठी खाली केली आणि म्हणाला, "बरं, साहेब."

त्याआधी त्यानं गुरुलिंगला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

कोंडवाड्यातून सुटलेली मेंढरं व्यंकटीनं मुखेडच्या बाजारात खाटकांना विकली आणि बायकोपोरांना घेऊन तो हैदराबादला इमारतींच्या कामावर गेला. कुत्री इथंच राहिली. काही दिवस ती रिकाम्या वाड्याभोवती फिरत होती.

मेंढरं गेली, ससे खणाखणीत पांगले. उरलेली लांडग्यांची जोडी गावाच्या कडेला येऊ लागली. कुणाची शेळी गेली, कुणाचं करडू. एका सकाळी दोन्ही लांडगे खळ्यामागं पडलेले सापडले, तोंडाला फेस. औषध कुणी टाकलं ते गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. गुरुलिंगनं चौकशी केली. कुणी बोललं नाही, आणि त्यानंही फार नेट लावला नाही. कुणाला कोणत्या तोंडानं सांगणार होता, की शब्द पाळा म्हणून?

बरडीचं रोपवन मात्र नावाजलं गेलं. निम्मी रोपं वाळली, पण दुष्काळात निम्मी जगली हेच मोठं ठरलं. वरून पाहणीला माणसं आली. लातूरला समारंभ झाला, उत्कृष्ट काम म्हणून गुरुलिंगच्या गळ्यात हार पडला आणि तो वनपाल झाला. माणिकप्पांनी हाराचा फोटो दुकानात घरच्या गुरूंच्या, गुरुपादप्पा महाराजांच्या तसबिरीखाली लावला. आता गिऱ्हाइकांना ते वेगळंच सांगायचे: माझ्या लेकानं माळावर जंगल उभं केलं. गुरुलिंग त्या वर्षापासून दुकानात जायचा बंद झाला. घरी कारण विचारलं तर म्हणायचा, येळ कुठं हाय.

त्यानं नोकरी सोडली नाही. शिवकांतानं एकदा विचारलंही, इतकं जिवाला लागत असेल तर सोडून का देत नाही. तोवर दोन मुलं झाली होती. तो म्हणाला, सोडली तर दुसरा येईल, त्याला तर काय बुडवलं हेही ठाऊक नसेल. हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. पुढं तो वनक्षेत्रपालापर्यंत चढला. लोह्याला होता, किनवटकडं होता. जिथं गेला तिथं कडक म्हणून नाव झालं. हाताखालची माणसं त्याला भ्यायची. प्राण्यांबद्दल तो कामापुरतंच बोलायचा.

निवृत्त होऊन तो उदगीरला राहायला आला. तिथं नांदेडची सिंधु नावाची मुलगी त्याला शोधत आली. ती लांडग्यांवर संशोधन करत होती, पुढं याच क्षेत्रात नोकरी करायची म्हणत होती. बरडीच्या माळावर लांडगे होते असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. गुरुलिंगनं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं विचारलं, त्या काळातले कुणी धनगर भेटतील का? व्यंकटी मुखेडला परतलाय, हे गुरुलिंगला बरीच वर्षं माहीत होतं. पण भेटायला तो कधी गेला नव्हता.

दोघं एसटीनं मुखेडला गेले. व्यंकटीचा मुलगा एका मंगल कार्यालयात राखणीला होता, मागच्या खोलीत हे कुटुंब राहायचं. व्यंकटी बाजेवर बसला होता, पाय सुजलेले. त्यानं गुरुलिंगला ओळखलं. सुनेला चहा ठेवायला सांगितलं, पावसापाण्याचं विचारलं. पण सिंधुनं माळाची गोष्ट काढताच तो थांबला.

"तुला सांगतो मी, बाई," तो तिला म्हणाला. "लांडग्याचं बी सांगतो, मेंढराचं बी. पण ह्यांला भायेर बसू दे."

सिंधु गडबडली. गुरुलिंग मात्र लगेच उठला, जणू हे होणार हे धरूनच आला होता. चहा त्याला सुनेनं बाहेर आणून दिला. मंगल कार्यालयाच्या पायरीवर तो बसून राहिला. आतून व्यंकटीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच तो मोठ्यानं हसला, मग खोकला. मग बराच वेळ एकटा तोच बोलत होता.

सिंधु बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. व्यंकटी काय म्हणाला ते गुरुलिंगनं विचारलं नाही. तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "सर, खात्याची परीक्षा देऊ का मी? खरं सांगा."

"दे," गुरुलिंग म्हणाला. "पगार येळेवर होतो."

सिंधुनं परीक्षा दिली नाही. ती एका संस्थेतर्फे राजस्थानात गेली, तिथं अजून गवत आहे म्हणे. बरडीच्या माळावर आता गिरिपुष्प दाट माजलंय. त्याला मेंढरू तोंड लावत नाही, आणि खाली कुसळीही उगवत नाही.