साहेबाले ‘नाही’ म्हणायचं

भरपाईच्या सुनावणीत साहेबानं पेनानं इशारा केला. “तोंड उघडा.”

मायनं उघडलं. साहेब खुर्चीवरून हलला नाही. टेबलापलीकडूनच मान वाकडी करून पाह्यलं अन् नाकाले रुमाल लावला. जिभेवरच्या जखमेचा वास येत होता, हे खरं. मागं रांगेतली माणसंही पाहून राह्यली होती. माय तोंड उघडं ठेवून उभीच. बंद कर म्हणून कोणी सांगितलंच नाही.

“तंबाखू खाता ना?”

“हाव साहेब.”

“लहानपणापासून?”

“हाव साहेब.”

साहेब बाजूच्या कारकून बाईंना म्हणाला, “यांच्यात हेच. आधी जन्मभर तोंडात कोंबायचं, मग गोदामाच्या नावानं रडायचं.”

माझ्या मायनं जन्मात तंबाखू खाल्ली नाही. सुपारीसुद्धा नाही. तंबाखू चघळत विहारात आलेल्या बायांले ती पायरीवरूनच माघारी धाडायची. मी म्हटलं, “साहेब, ती खात नाही.”

“तुम्हाला विचारलं का? पेशंट स्वतः सांगतायत.”

मले काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. आम्ही बाहेर आलो अन् बुलढाण्याच्या स्टँडवर बसलो. मायले पाणी दिलं, तिनं एका बाजूनं गिळलं.

आमच्या गावाबाहेर फवारणीच्या औषधाचं गोदाम जळालं होतं. आग विझली तसा ठेकेदार जीप घेऊन आमच्याच वस्तीत आला. दुसऱ्या कोणाच्या दारी गेला नाही. राख भरायची, फुटलेले डबे उचलायचे. माय अन् वस्तीतल्या बाया गेल्या. हातमोजे नाही, काही नाही, नाकाले पदर बांधला. माय घरी आली तर तिच्या थुंकीत राख होती. पुढं वर्षं गेली अन् वस्तीत एकेक जण दवाखान्यात जाऊ लागलं. लय बोंबाबोंब झाली तेव्हा सरकारनं यादी काढली. त्या राखेत राबलेल्याले यादीतला कॅन्सर झाला तर भरपाई. तोंडाचा कॅन्सर यादीत होता. तंबाखू खाणाऱ्याले मात्र काही नाही.

एस.टी. राजूर घाट उतरत होती तेव्हा मी विचारलं, “माय, हाव काऊन म्हटलं वं?”

“साहेबाले नाही कसं म्हणू बाई?”

ती खिडकीबाहेर पाहून राह्यली. तिले त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. मालक म्हणे, उन्हाचं चालते ना? हाव. पोरगीले निंदायले पाठवशीन ना? हाव. ती पोरगी मीच, माझी शाळा तिथंच सुटली. ठेकेदार म्हणे, राखच आहे, जमते ना? हाव. एकदा नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी कामाले कोणी बोलावत नव्हतं. आम्ही बाया हाव म्हणूनच जगलो. अन् त्या साहेबाले हे चांगलं माहीत होतं. म्हणून त्यानं ‘खाता का’ विचारलं नाही, ‘खाता ना’ विचारलं. घाटाच्या त्या वळणावर मले हे दिसलं, अन् मग दिसायचं थांबलं नाही.

दाव्यावर ‘नामंजूर’ आलं. मी अपील टाकलं. मधल्या काळात डॉक्टरांनी मायची जीभ काढली. आता ती नळीतून पेज पिते अन् दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. मी तिचं अंग पुसते. रडायले होत नाही.

वस्तीतल्या बाकी बायांच्या सुनावण्या राह्यल्या आहेत. रोज दिवेलागणीले मी त्यांले विहारात बसवते. मी खुर्चीवर बसून साहेब बनते.

“तंबाखू खाता ना?”

“हाव सा—” शेजारची कमलाकाकू म्हणते अन् थांबते. कोणी हसत नाही.

“परत.”

“नाही साहेब.”

“साहेब नको म्हणू काकू. नुसतं नाही.”

ती जमिनीकडे पाहते. पन्नाशीची बाई. तरी म्हणते, “नाही.”

येत्या सोमवारी मायच्या अपिलाची सुनावणी आहे, त्याच साहेबापुढं. मी तिले घेऊन जाणार. यावेळी ती उभी राहणार नाही, साहेबासमोर खुर्ची ओढून बसणार. तो विचारेल. माय मान हलवेल, आडवी. तो कागदात पाहत असला तर मी म्हणणार, वर पाहा अन् पुन्हा विचारा. त्याच्या हातानं तिचं ‘नाही’ लिहून होईस्तोवर आम्ही दोघी तिथून उठणार नाही. पोलीस बोलावले तरी नाही.