कॅसेटमधली रिकामी जागा

पोरांनो, ताईच्या लग्नात वाजवायचं म्हणून तुम्ही फोनवर ऐकवलेलं इंग्रजी गाणं माझ्या जुन्या ओळखीचं आहे.

माझ्या तरुणपणी गुलमंडीच्या बाजारात एक कॅसेट भरून देणारा होता. त्याला इंग्रजी येत नसे, पण प्रत्येक गाण्याचा अर्थ गिऱ्हाईकाला विचारून तो कार्डावर बारीक अक्षरात लिही आणि मगच रेकॉर्डिंगचं बटण दाबी.

हे गाणं भरायला सांगितलं तेव्हा मी कौतुकानं अर्थ सांगितला, "गाण्यातला तो म्हणतो, तू नाही म्हण, दार लाव, तरी मी इथून हलणार नाही. तू माझीच आहेस."

त्याचं पेन थांबलं. "बाई, ह्याला प्रेम म्हणतात व्हय? असाच एक जण रोज सायकलवर माझ्या पोरीच्या मागं कॉलेजापर्यंत जायचा. पोरीनं कॉलेज सोडलं. अन् लोक मलाच म्हणले, पोरीला सांभाळा! तुम्ही एवढ्या शिकलेल्या, अन् हे गाणं भरून मागता?"

मी तणतणत घरी आले. वर्षानुवर्षं गुणगुणलेल्या त्या ओळी मी एकदाही नीट ऐकल्या नव्हत्या, हे त्या रात्री कळलं; मग राग माझ्यावरच उलटला.

पुढे त्यानं भरून दिलेली कॅसेट अजून माझ्याकडे आहे; तिच्यात त्या गाण्याच्या जागी नुसती खरखर आहे. कार्डावर त्या गाण्याच्या अर्थाच्या जागी त्यानं लिहिलंय, 'पोर नाही म्हणाली होती.'

लग्नात हे गाणं वाजलं, तर मी मांडवातून उठून जाईन.