काळं ते चांगलं

एक्स-रेच्या फिल्म ठेवायला कपाट लागतं. किश्श्यांना काहीच लागत नाही, ते नुसते साठत जातात. माझ्याकडे तर फिल्मपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. लांब चंदीगडला रेडिऑलॉजी शिकून मी धुळ्याला परत आले आणि देवपुरात एक्स-रेचं क्लिनिक टाकलं. डोक्यात एकच भूत होतं: पेशंटला त्याचा फोटो दाखवायचाच! शरीर त्याचं, फोटो त्याचा आणि बघणार फक्त डॉक्टर? हा कुठला न्याय!

आमचे टेक्निशियन भिकाभाऊ म्हणाले, "दाखवा ताई. पण मग लोक प्रश्न विचारतील हां!"

विचारोत की! त्यासाठीच तर परत आले होते.

*

भुसावळला रेल्वेत गार्ड होते असे एक आबा आले, रिटायर होऊन लेकीकडे राहणारे. छातीचा फोटो होता. भिकाभाऊंनी "श्वास भरा, रोखा!" म्हटलं, बटण दाबलं आणि फिल्मची कॅसेट घेऊन थेट डार्करूममध्ये शिरले.

मी सहज डोकावले. आबा अजून स्टँडला छाती टेकवून उभे, चेहरा लालबुंद!

"आबा, श्वास सोडा!"

"मग तसा सिग्नल द्या ना! आम्ही आपल्या मनाने गाडी सोडत नसतो!"

*

एका शेतकरी नानांना मी उजेडाच्या पेटीवर त्यांची फिल्म लावून दाखवत होते. "हाडं किरणांना अडवतात, म्हणून पांढरी दिसतात. फुफ्फुसात हवा असते, किरण आरपार जातात, म्हणून तिथे काळं."

"म्हनजे छातीमा काळं ते चांगलं, आनी तठे पांढरं दिसनं ते बिमारी?"

"अगदी बरोबर!" मला इतका आनंद झाला की विचारू नका.

"दुनियाना उलटंच शे हाई!" मग नाना फिल्मच्या आणखी जवळ गेले. "आनी मन कोठे शे?"

"मन यात दिसत नाही, नाना."

"मंग इतलं मोठं मशीन काय कामनं?"

*

मिरचीच्या एका व्यापाऱ्याला मी बजावलं होतं, "जुनी फिल्म सांभाळून ठेवा. पुढच्या वेळी दोन्ही शेजारी लावून बघू."

पुढच्या वेळी त्याने फिल्म आणली. बरगड्यांच्या बरोबर मधून त्याचं आडनाव कापून काढलेलं! पोत्यांवर नाव रंगवायला त्याने तिचा छाप केला होता.

"अहो, सांभाळून ठेवायला सांगितलं होतं ना?"

"रोज हातात असते, ताई. हरवेल कशी?"

*

आमची खरी अडचण मंगळसूत्राची होती. धातू किरणांना अडवतो, त्याची पांढरी खूण नेमकी छातीवर उमटते. पण बायका ते काढायला तयार नसत. टेबलावर ठेवायचं तर नावच नको!

एकदा एका पहिलवानाची बायको अशीच अडून बसली. पहिलवान आत आला. "इकडे दे," म्हणाला आणि त्याने ते सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं. "घरच्याच गळ्यात आहे. उतरलं कुठे?" मग मिशीला पीळ देत बाहेर बाकावर जाऊन बसला. बाकावर खसखस पिकली. त्याने एकदाच सगळ्यांकडे बघितलं, चिडीचूप!

तेव्हापासून आमच्याकडे ती रीतच पडली. फोटो होईपर्यंत मंगळसूत्र घरच्या माणसाच्या गळ्यात. काम झालं की भिकाभाऊ दारातून हाक मारत, "मंगळसूत्रवाले, आत या!"

*

आणि ही सुनंदा. भडगावकडची, वीस-बाविशीची. पहिल्या फोटोत उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पांढरा ढग होता: टीबी. गोळ्या सुरू झाल्या आणि सासूने तिला माहेरी धाडलं. तान्हं पोर स्वतःकडे ठेवून घेतलं. कोर्स पुरा झाला, थुंकीचे रिपोर्ट स्वच्छ आले, तरी सासूचं एकच: "मी सोता फोटो दखसू, मंगच घरमा लेसू."

शेवटी ती सुनेला घेऊन आली. काटक बाई, कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली असावीत.

सुनंदाचा हात गळ्याशी जाऊन थांबला. तिचा नवरा आलाच नव्हता.

"घरचं कोण आहे?" भिकाभाऊंनी सवयीने विचारलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली बघू लागले.

सासूने हात पुढे केला. "आन."

फिल्म धुऊन होताच मी ती ओलीच घेऊन सासूला बोलवायला बाहेर आले. बाकावरचे सगळे टक लावून बघत होते. मधोमध सासू बसली होती. मोकळं कपाळ, मोकळे हात आणि गळ्यात सुनेचं मंगळसूत्र.

मी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. कसं वाचायचं ते सांगितलं. तिने जुन्या ढगावर बोट ठेवलं, मग नव्या फिल्मवर नेमकं त्याच जागी.

"आठे काळं शे."

"हो. काळं ते चांगलं, मावशी."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. सगळंच."

तिने मंगळसूत्र काढलं, सुनेच्या गळ्यात घातलं, तिचा पदर सारखा केला. "चाल घर. पोरगं वाट दखी ऱ्हायनं."

दोघी बाहेर पडल्या. बाकावरचे अजून बघतच होते. सुनेचा हात धरूनच सासू वळली.

"काय दखी ऱ्हायनात? मन्हा मनमा काय शे ते दखनं व्हई, ते डॉक्टरीणले सांगा. काढी दी फोटो!"