सहादेवाचं नाव

आमच्याकडे शेवया करायला येणारी रतनबाई नवऱ्याचं नाव घेत नसे. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, असं सासूने तिला बजावलं होतं.

एकाहत्तर साली तिचा ट्रकड्रायव्हर नवरा सहादेव तिला मुंबईला घेऊन गेला आणि ऐटीत एका चिनी हॉटेलात शिरला. वाफाळत्या रश्श्यातल्या लांबलचक शेवया बघून ती हरखली. वाढप्याला म्हणाली, "दादा, दूध-गूळ न्हाई व्हय ह्याच्यासंगं?"

शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. सहादेवने तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला, रक्त वाडग्यात ठिबकलं.

"अडाणी रांड! चारचौघांत अब्रू घालवलीस!"

केस धरून त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. घरी हे नेहमीचंच होतं आणि ती सोसत आली होती. पुन्हा हात उठला, तेव्हा तिने कढत वाडगा त्याच्या तोंडावर रिकामा केला. तो किंचाळत खाली कोसळला.

"सहादेव," ती म्हणाली, "परत हात लावलास तर डोळं फोडीन."

पाटावर शेवया वळता वळता तिने मला हे सांगितलं. वर हसून म्हणाली, "बाई, भाजल्याचं काय न्हाई वो, नावालाच भ्यालं ते. तवापून अंगाला हात न्हाई लावला."